भीतीची मजुरी

आंरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'वेजेस ऑफ फिअर' हा १९५३ सालचा चित्रपट मी कॉलेजात असताना एका फिल्म क्लबात पाहिला. नंतरही दोन-तीनदा पाहिला. लोक त्याला थरारपट म्हणतात आणि तो आहेच. पण मला तो पहिल्यापासून मजुरीचा चित्रपट वाटत आला. माझे अब्बा पेट्रोलचा टँकर चालवत, हे त्याचं एक कारण असेल.

दक्षिण अमेरिकेतलं लास पिएद्रास हे एक काल्पनिक गाव. ऊन, चिखल, माश्या आणि कामावाचून बसलेली माणसं. ती युरोपातून कुठून कुठून येऊन इथं अडकलेली आहेत. परतीच्या तिकिटाला पैसे नाहीत, कुणाकडं कागदपत्रं नाहीत. जवळजवळ तासभर क्लूझो आपल्याला या गावातच बसवून ठेवतो. पहिल्यांदा पाहताना माझ्या मागची मंडळी कंटाळून चुळबुळत होती. पण हा तास नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं. माणूस मरणाचं काम का पत्करतो, याचं उत्तर त्या तासात आहे.

तिथून पाचशे किलोमीटरवर अमेरिकन तेल कंपनीच्या विहिरीला आग लागते. ती स्फोटानंच विझवायची. त्यासाठी नायट्रोग्लिसरीन न्यायचं, तेही साध्या ट्रकमधून, खड्ड्यांच्या रस्त्यानं. जरा जोराचा धक्का बसला की संपलं. कंपनीचा साहेब आपले पगारी कामगार पाठवत नाही. त्यांना युनियन आहे. गावातल्या या भणंगांना ना युनियन, ना बायकामुलं. ते मेले तर भरपाई मागायला कोण येणार? माणशी दोन हजार डॉलर जाहीर होतात आणि दारात झुंबड उडते. निवड न झालेला एक कोवळा पोरगा गळफास घेतो. हे काम जीव घेणारं आहे, पण ते न मिळणंही जीव घेतं. चित्रपट अमेरिकेत दाखवताना त्यातला बराच भाग कापला गेला, याचं मला नवल वाटलं नाही.

दोन ट्रक, चार माणसं. त्यातला ज्यो हा म्हातारा होत चाललेला गुंड. शार्ल वानेलनं तो उभा केला आहे. गावात हा वाघ. त्याच्या रुबाबावर तरुण मारिओ, म्हणजे इव्ह मोंताँ, फिदा. ट्रक हलतो आणि ज्योचं पाणी पाणी होतं. घाम फुटतो, हात थरथरतात, तो गाडी सोडून पळतो. मारिओ त्याला शिव्या घालतो, मारतो. तेव्हा ज्यो जे सुनावतो त्याचा मतलब असा, की पैसे काय नुसते गाडी हाकायचे मिळतात? भ्यायचेही त्यातच आले. तू गाडी हाक, मी भितो. कामाची वाटणी झाली. हॉल हसला होता. मला हसू आलं नाही.

ही भूमिका जाँ गाबँ या मोठ्या नटानं नाकारली होती, भित्र्याचं काम नको म्हणून, असं सांगतात. भीतीला सगळेच लाजतात. अब्बा लाजत नसत. घाट आला की ते खालच्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीनं उतरत. सोबतचे ड्रायव्हर चिडवत. अब्बा म्हणत, "ज्याला भीती वाटत नाही त्याच्या गाडीत मी बसणार नाही." आणि आणखी एक सांगत: भरल्या टँकरपेक्षा रिकाम्याला जास्त भ्यावं. पेट्रोल खाली केलं तरी टाकीत वाफ उरते, आणि पेट घेते ती वाफच. पण टाकी रिकामी झाली की माणूस सैल होतो. विडी काढतो, गाडी पळवतो.

मारिओचं तेच होतं. दुसरा ट्रक वाटेत उडतो. तो उडताना दिसतही नाही. ज्यो सिगारेट वळत असतो, हातातल्या कागदावरची तंबाखू फुंकल्यासारखी उडून जाते, आणि मग स्फोट. त्या खड्ड्यात पाइपलाइनचं तेल साचतं. पुढं उतरून वाट दाखवणाऱ्या ज्योच्या पायावरून मारिओला ट्रक न्यावा लागतो, कारण थांबला तर चाकं रुतणार. विहिरीशी पोचेपर्यंत ज्यो गेलेला असतो. त्याच्या वाट्याचे धरून मारिओला चार हजार मिळतात. परतताना ट्रक रिकामा, मन हलकं. गाण्याच्या तालावर तो गाडी रस्ताभर झुलवत नेतो आणि दरीत कोसळतो. नायट्रोग्लिसरीन सुखरूप पोचवणारा माणूस रिकाम्या गाडीत मरतो. अनेकांना हा शेवट ओढूनताणून आणलेला वाटतो. टँकरवाल्याच्या घरात वाढलेल्याला तसा वाटणार नाही.

अब्बांच्या सोबत एक क्लीनर होता, एकोणीस वर्षांचा. एका दुपारी दुसऱ्या गाडीची रिकामी टाकी आतून पुसायला तो उतरला आणि वाफेनं गुदमरला. मालकाचं म्हणणं, हजेरीपटावर त्याचं नावच नाही. ड्रायव्हरांनी वर्गणी काढली. ते पैसे पोचवायला अब्बा त्याच्या गावी गेले. परत आल्यावर दोन दिवस बोलले नाहीत. मग अम्मीला एवढंच म्हणाले, "पोराला भ्यायला कुणी शिकवलंच नव्हतं. ते काम आमचं होतं."

चित्रपटात चौघांपैकी एकही वाचत नाही. विहिरीची आग मात्र विझते आणि विहीर कंपनीची कंपनीकडंच राहते. वर्गणी काढायला लास पिएद्रासमध्ये कुणी होतं की नाही, ते क्लूझो दाखवत नाही.