प्लग, कॉइल आणि अन्वय-व्यतिरेक

मोटारीस वार्धक्य आलें म्हणजे घरांतील प्रत्येकजण तिचा वैद्य होतो. आमच्या घरच्या पेट्रोलवरील मोटारीनें एक लाख ऐंशी हजार किलोमीटरांचा पल्ला ओलांडला आणि ती चढावर झटके देऊं लागली, तेव्हां आमच्या एकत्र कुटुंबांत तीन पक्ष झाले. धाकट्या बंधूंच्या मतें गाडी विकावी, पुतण्याच्या मतें इंजिन उतरवावें. आणि सूनबाईंची विनंति एवढीच कीं, निदान वहिनींची जाण्यायेण्याची सोय मोडूं नये. आम्हांस हें तिसरें म्हणणें सर्वांत विचारार्ह वाटलें. आमच्या वडील वहिनींना आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां माढ्याहून सोलापुरास न्यावें लागतें. शेटफळास हमरस्ता लागल्यावर मालमोटारींच्या गर्दींत गाडीनें दगा दिला तर काय, हा प्रश्न घरांत सर्वांच्या मनांत होता. उच्चारीत मात्र कोणी नव्हतें.

शहरांतील एका कारखानदारानें तर ‘इंजिन संपलें’ असा निकालच दिला होता. परंतु इंजिनावर असा अभियोग आणण्यापूर्वीं ठिणगी कोठें चुकते तें पाहावयास नको काय? पेट्रोल व हवा यांचें दाबलेलें मिश्रण प्लगच्या टोकाशीं पडणाऱ्या ठिणगीनें पेटतें. तेथील फट जेमतेम मिलिमीटरभर, पण बॅटरीच्या बारा व्होल्टांस ती ओलांडवत नाहीं. फॅरडेनें १८३१ सालीं शोधिलेल्या विद्युत्प्रवर्तनाच्या तत्त्वानें कॉइल त्या बारांचे कित्येक हजार करते. सोलापुरांत जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या कंपनीच्या ‘पद्मिनी’ मोटारींत चार प्लगांस मिळून एकच कॉइल असे. हल्लींच्या पुष्कळ मोटारींत प्रत्येक प्लगच्या माथ्यावर स्वतंत्र कॉइल असते. विभक्त कुटुंबाची ही रीत आम्हांस एरवीं रुचत नाहीं. पण रोग नेमका कोणाच्या घरीं आहे, हें शोधण्यास ती सोयीची खरी!

आमचा एक जुना विद्यार्थी येथेंच मिस्त्रीचें काम करतो. त्यानें यंत्र लावून पाहिलें, तों तिसऱ्या सिलिंडरांत मिसिंग दिसलें. मग त्यानें तिसऱ्यावरील कॉइल दुसऱ्यावर व दुसऱ्यावरील तिसऱ्यावर बसविली. आतां दोष दुसऱ्यांत दिसूं लागला. “गुरुजी, दोष कॉइलबरोबर चालला बघा,” तो म्हणाला. जेथें ती कॉइल तेथें दोष, जेथें ती नाहीं तेथें दोष नाहीं! अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहां’तील अन्वय-व्यतिरेक मुलांच्या गळीं उतरवितांना आम्हीं धूर आणि अग्नि यांवर किती खडू झिजविले असतील, या गृहस्थानें तो प्लगपान्यानें सिद्ध केला.

“मग एक कॉइल टाका नि मोकळे व्हा,” असें पुतण्या म्हणाला. मिस्त्रीनें मात्र चारही प्लग काढून फडक्यावर मांडले. त्यांचीं टोकें झिजून गोल झालीं होतीं आणि फटी रुंदावल्या होत्या. खरें कारण येथें होतें. फट वाढली कीं ठिणगीस अधिक व्होल्ट लागतात; तो ताण कॉइल सोसते, तापते, आणि अखेर तिचें आवरण फुटून वीज भलत्याच वाटेनें निसटते. चढावर सिलिंडरांतील दाब वाढत असल्यानें हें व्यंग तेथेंच प्रथम उघडें पडतें. जुन्या प्लगांवर नवी कॉइल बसविणें म्हणजे तिलाही त्याच सासुरवासांत लोटणें होय.

प्लगांचा तरी काय दोष? ताशीं साठ किलोमीटर वेगानें जातांना इंजिनाचे मिनिटास चोवीसशें फेरे धरिले, तर दोन फेऱ्यांस एक या हिशेबानें प्रत्येक प्लग किलोमीटरास बाराशें ठिणग्या पाडतो. चाळीस हजार किलोमीटरांत त्या जवळजवळ पांच कोटी होतात. साधे निकेलचे प्लग साधारण तेवढ्यांतच बदलावे लागतात. इरिडियमचे बरेच अधिक टिकतात. मिसिंग करणारी गाडी तशीच दामटूंही नये. न जळलेलें पेट्रोल धुराड्याच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरांत शिरून जळतें आणि त्या महाग वस्तूचा नाश करतें.

इंजिन पुरतें गार झाल्यावर मिस्त्रीनें खळग्यांतील धूळ हवेनें उडविली, नवे प्लग प्रथम हातानेंच फिरवून आट्यांत बसविले आणि मग बेतानेंच आवळले. ॲल्युमिनियमच्या हेडाचे आटे एकदां गेले कीं खर्च कॉइलच्या कितीतरी पट होतो. चार प्लग व एक कॉइल यांवर काम भागलें. उरलेल्या तीन कॉइली उगाच बदलूं नयेत, असें आमचें मत पडलें. मात्र एक नवी कॉइल जादा आणविली. ती फडक्यांत गुंडाळून, पान्यासह, डिकींत वहिनींच्या फायलींच्या पिशवीशेजारीं ठेविली आहे, आणि ती बदलावी कशी हें पुतण्याकडून आम्हीं दोनदां करवून घेतलें आहे.