बिगाऱ्याच्या कामातला ‘बदल’ फुकट का?

२०२३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर, रात्री साडेदहाला माझ्या मावसभावाचा फोन आला. सिव्हिलचा डिप्लोमा करून तो पुण्याच्या पूर्वेला एका मोठ्या गृहप्रकल्पावर साइट इंजिनिअर म्हणून लागला होता. आमच्या घराण्यात हातात ड्रॉइंग घेऊन साइटवर उभा राहणारा तो पहिलाच. त्याच्या आधीची पिढीही साइटवरच होती, पण तिच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, घमेलं होतं. माझी आई आणि त्याची आई, दोघी बहिणी जालन्याकडून आल्या आणि बिगारी म्हणून राबल्या.

“ताई, एक गवंडी पडलाय. दुसऱ्या मजल्यावरून. जिवंत आहे, मांडीचं हाड मोडलंय. मला रिपोर्टवर सही करायला सांगतायत. त्यात लिहिलंय की त्याने सेफ्टी बेल्ट स्वतःहून काढून ठेवला होता.”

“काढला होता का?”

“बेल्ट दिलाच नव्हता गं.”

मी ताबडतोब म्हणाले, मग सही करू नकोस. माझ्यासारख्या कार्यकर्तीला असं उत्तर द्यायला दोन सेकंदही लागत नाहीत. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “तुझ्या संस्थेचा पगार सही न करता येतो, ताई. माझा सही करून येतो.” राग आला. फोन ठेवल्यावर कळलं की राग त्याच्यावरचा नव्हता.

त्या गवंड्याचं नेमकं काय झालं हे समजून घ्यायला मला पुढे आठवडाभर लागला. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही उलरिश बेक वाचला होता. आधुनिक समाज म्हणजे धोक्यांची वाटणी करणारा समाज, आणि प्रदूषणासारखे काही धोके गरीब-श्रीमंत असा भेद करत नाहीत, असा त्याचा एक मुद्दा. परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. साइटवर मात्र धोका भेद करतो, आणि तो भेद कागदावर मांडलेला असतो.

इमारतीच्या बाहेरच्या बाजूला शोभेसाठी एक पुढे आलेली भिंत होती. ती बांधून झाली. मग मालकाने ठरवलं की ती नको, भिंत दोन फूट आत घ्या. नवं ड्रॉइंग आलं. त्याच गवंड्याने स्वतः बांधलेली भिंत तोडली आणि आतली भिंत उभी केली. ठेकेदाराने बिल लावलं: जुन्या भिंतीचं, ती तोडण्याचं, राबिट उचलण्याचं आणि नव्या भिंतीचं. तोडणं ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून मंजूरही झालं. गवंड्याचं काम उक्तं होतं. मुकादमाने त्याला एकाच भिंतीचे पैसे दिले, कारण शेवटी उभी एकच भिंत आहे ना!

आता परांचीकडे बघा. ती जुन्या भिंतीच्या मापाने बांधलेली होती. भिंत दोन फूट आत गेली, परांची जागच्या जागी राहिली. ती सोडून पुन्हा बांधायची म्हणजे दोन-तीन दिवस आणि वेगळी मजुरी. पूर्ण करायची तारीख मात्र कुणी पुढे ढकलली नव्हती. म्हणून मधल्या पोकळीवर एक सुटी फळी टाकली आणि प्लॅस्टर सुरू झालं. फळी सरकली. माणूस खाली गेला, नशिबाने वाळूच्या ढिगावर.

म्हणजे अपघात झाला तो बदलामुळे. त्या बदलात सिमेंटची किंमत धरली, विटांची धरली, तोडफोडीची धरली. माणसाच्या पायाखालची फळी तेवढी कुणाच्याही हिशेबात नव्हती.

बांधकाम व्यवस्थापनाच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात शिकवतात की जोखीम जो नीट सांभाळू शकतो त्याच्याकडे द्यावी. ऐकायला न्याय्य वाटतं. मग कंत्राटं बघितली. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटात कलम १२ हे कामातल्या बदलांसाठीच आहे: काम वाढलं, बदललं तर दर कसा ठरवायचा, मुदत कशी वाढवायची, सगळं लिहिलेलं. आंतरराष्ट्रीय कामांत फिडिकचे नमुने वापरतात, त्यांतही बदलांसाठी स्वतंत्र कलम असतं. लांब मुदतीच्या सरकारी कामांत १०-सीसी नावाचं कलम असतं, भाववाढ भरून देण्यासाठी. त्यात मजुरीची वाढ मोजायला कुणाचा दर धरतात माहीत आहे? अकुशल मजुराचं किमान वेतन. बिगाऱ्याचं किमान वेतन वाढलं की ठेकेदाराला जादा पैसे मिळतात. नाक्यावरच्या बिगाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. त्याच्या हजेरीचा दर मुकादम सकाळी नाक्यावर गर्दी बघून ठरवतो.

मालक ते मुख्य ठेकेदार, कागद आहे. मुख्य ठेकेदार ते लेबर कॉन्ट्रॅक्टर, बऱ्याचदा कागद आहे. तिथून खाली मुकादम, गवंडी, बिगारी यांच्यात फक्त तोंडी बोलणं आणि उचल. कागद जिथे संपतो तिथून पुढे सगळी जोखीम घसरत जाते, आणि जिथे ती साचते तिथे कोण उभं असतं? आमच्या नाक्यावर बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारा, वडार आहेत. अलीकडे कोरडवाहू शेती मोडलेले मराठेही दिसतात. साइटवरच्या पत्र्यांच्या शेडमध्ये बिहार, झारखंड, छत्तीसगडची पोरं. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत अशाच शेडवर कोसळून १५ जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ऑगस्ट २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ गर्डर टाकणारं यंत्र कोसळून २० जण गेले. मृतांच्या याद्या वाचा आणि प्रकल्पाच्या पाटीवरची नावं वाचा. दोन्ही याद्यांत एकही आडनाव सामायिक सापडत नाही, आणि हा मला योगायोग वाटत नाही.

‘बिगारी’ हा शब्दच बघा. बेगार, वेठबिगार यांतलाच तो. आपण तो इतका सहज वापरतो की त्यातली वेठ ऐकूच येत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात महार वतनाबद्दल विधेयक आणलं, १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी. त्यांचा आक्षेप फक्त मोबदला तुटपुंजा आहे एवढाच नव्हता. वतनदार महाराच्या कामाचे तास ठरलेले नव्हते, कोणत्या खात्याचं काम करायचं हे ठरलेलं नव्हतं, आणि तो स्वतः हजर नसेल तर घरातल्या कुणालाही जुंपता येत होतं. माझ्या मते वेठीची खरी व्याख्या इथे आहे. ज्या कामाची व्याख्याच नाही, त्यात ‘जादा काम’ असं काही असूच शकत नाही. काहीही सांगा, ते आधीच्याच कामात धरलं जातं. गवंड्याची दुसरी भिंत अशीच धरली गेली.

आईचीही अशीच. ती आणि वडील ‘जोडी’ म्हणून कामावर जायचे. जोडीचे पैसे वडिलांच्या हातात यायचे आणि आईचा वाटा वडिलांपेक्षा कमी असायचा. वाळू चाळणं, पाणी मारणं, विटा चढवणं, साहेबांचा चहा आणणं, सगळं त्यातच. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. आईने त्याचं नाव पहिल्यांदा माझ्याकडून ऐकलं, तेव्हा तिचे गुडघे गेले होते. वीस वर्षं गवंड्याच्या हाताखाली राहून तिला ओळंबा कसा धरायचा हे उत्तम ठाऊक होतं, थापी मात्र कुणी हातात दिली नाही.

आपल्या चळवळीत मजूरमंत्री बाबासाहेब जयंतीच्या भाषणात येतात. १९४२ ते १९४६, कारखान्यांत आठवड्याला ४८ तास, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण १९३८ साली मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांसमोर ते कोणत्या तपशिलात शिरले होते ते पुन्हा वाचा: गँगमनचं काम कोणाला, बढती कोणाला, गिरणीतलं विणकाम खातं अस्पृश्यांना बंद का. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू त्यांनी या तपशिलांतून दाखवले. आपण शत्रूंची नावं घेतली आणि तपशील सोडून दिला. आपले किती कार्यकर्ते सकाळी आठ वाजता नाक्यावर असतात? आणि हेही बोलू या की मुकादम पुष्कळदा आपलाच माणूस असतो. निळा गमछा घालून तो खाडे कापतो.

परत त्या रिपोर्टकडे येते, कारण ‘बेल्ट काढला होता’ ही ओळ साधी नाही. १९२३ च्या भरपाई कायद्यात कलम ३ मध्ये मालकासाठी एक वाट ठेवलेली आहे: कामगाराने सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढून टाकलं असेल, आणि इजेने मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलेलं नसेल, तर भरपाई नाकारता येते. मांडीचं हाड मोडलेला माणूस बरोबर त्याच वाटेवर सापडतो. म्हणजे माझ्या भावाच्या सहीने एका माणसाचा दावा मेला असता. उलट कलम १२ सांगतं की ठेकेदारामार्फत काम करून घेतलं तरी मूळ मालक भरपाईला जबाबदार राहतो. हे कायदे आता २०१९-२० मध्ये संमत झालेल्या श्रमसंहितांत विलीन केलेत, तेव्हा कलमांचे जुने आकडे पाठ करून थांबू नका, नवेही बघून ठेवा.

आणि कल्याणकारी मंडळ? बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो, १९९६ च्या कायद्याने. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आमचा गवंडी अठरा वर्षं भिंती बांधत होता आणि त्याची नोंदणी नव्हती, कारण ९० दिवस एकाच ठेकेदाराकडे तो कधी नव्हताच, आणि सही द्यायला कुणी तयार नव्हतं. सही दिली की तो आपला कामगार होता हे कबूल होतं ना.

भावाने शेवटी काय केलं? मी सुचवलं तसं त्याने केलं नाही. नकार देऊन बाहेर पडला नाही. त्याने सही केली, पण रिपोर्टवर बेल्टची ओळ खोडून, आणि खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहून: सुधारित ड्रॉइंग अमुक तारखेला मिळालं, अपघाताच्या दिवसापर्यंत परांची नव्या भिंतीप्रमाणे हलवलेली नव्हती. कुणाचा दोष, हे लिहिलं नाही. तोच मजकूर ऑफिसला मेलने पाठवला. पंधरा दिवसांत त्याची बदली दुसऱ्या साइटवर झाली, घरापासून दोन तास लांब. मावशी अजून माझ्याशी नीट बोलत नाही. तिच्या लेखी हे सगळं माझ्यामुळे झालं, आणि तिची चूक आहे असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दुसरा पुरावा गवंड्याच्या बायकोने दिला. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा तिने पिशवीतून लहान मुलाची जुनी चौकटीची वही काढली. नवरा रोज संध्याकाळी त्यात तारीख आणि जागा लिहायचा. मुकादमाने एकदा चार हजेऱ्या बुडवल्यापासूनची सवय. त्यात एका पानावर ‘भिंत तोडली’ आणि दोन दिवसांनी ‘भिंत परत’ असं पेन्सिलीत लिहिलेलं होतं. तारखा ड्रॉइंगच्या तारखेशी जुळल्या. भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावायचा असतो, आम्ही चौथ्या महिन्यात लावला. तारखा पडतायत. समोरच्या वकिलाचा पहिला मुद्दा हाच की हा माणूस आमचा कामगार नव्हताच.

तेव्हापासून रविवारी विहारात वंदना झाली की अर्धा तास आम्ही वह्या भरतो. तारीख, साइट, मुकादमाचं नाव, काय काम केलं, कोणतं काम पुन्हा करायला लावलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं दहावी-बारावीची पोरं लिहून देतात. सुरुवातीला सातजण यायचे, आता वीस-बावीस येतात, त्यांत बायका जास्त. भाऊ महिन्यातून एकदा येतो आणि ९० दिवसांच्या दाखल्याचे अर्ज तपासतो. नव्या साइटवरच्या अकरा जणांचे दाखले त्याने मुख्य ठेकेदाराकडून सही करून घेतले. बाराव्याचा अडलाय, कारण तो मधे गावी गेला होता आणि मुकादम म्हणतो की तो आलाच नव्हता. त्याची वही मागवली आहे.