कट्टा, बॅग आणि लव्हस्टोरी

रोमँटिक सीन लिहायचा म्हटलं की आपलं डोकं आधी पावसात जातं, मग कॉफी शॉपमध्ये. फार तर मरीन ड्राइव्ह. मी एका ऑडिओ सिरीजसाठी दर आठवड्याला दोन लव्हसीन लिहून देते. सीन पास झाला तर त्या महिन्याचं भाडं निघतं, नाहीतर ‘जरा फ्रेश काहीतरी द्या ना’ असा मेसेज येतो. आता रोज नवीन प्रेम आणायचं कुठून? माझ्यापुरतं उत्तर दादरमध्ये आहे. शिवाजी पार्कचा कट्टा!

१९२५ साली लोकांसाठी खुलं झालेलं आणि १९२७ मध्ये महाराजांचं नाव मिळालेलं हे मैदान. क्रिकेट, मल्लखांब, दसरा मेळावा, हे सगळं तुम्हाला पाठ असेलच. पण त्याच्याभोवतीचा साधारण सव्वा किलोमीटरचा बुटका कट्टा म्हणजे फुकटातलं रायटिंग स्कूल आहे. वेळ संध्याकाळी साडेसहा ते आठ. ऑफिसं सुटलेली, घरी जायची घाई कुणालाच नाही.

आधी बघायचं, कोण कुठे तोंड करून बसलंय. रस्त्याकडे तोंड करून बसतात ते मित्रांचे ग्रुप आणि आजोबा मंडळी. मैदानाकडे तोंड, रस्त्याकडे पाठ, ती आपली माणसं. कारण सिम्पल आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या काकूंना पाठ ओळखता येत नाही!

मग बघायची बॅग. नवीन ओळख असेल तर लॅपटॉपची बॅग दोघांच्या मधे. सहा-सात संध्याकाळी गेल्या की ती पलीकडच्या बाजूला सरकते. भांडण झालं की तिच्या मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली. ‘त्याचं तिच्यावर प्रेम जडलं’ असं वाक्य मी आता लिहीतच नाही. बॅग सरकवते, बस्स. आमच्या आजीच्या पिढीने चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या लपवून वाचल्या. ‘नीलांबरी’वरून तर पुढे ‘दो रास्ते’ आला. तिला हा बॅगेचा फंडा सांगितला तर म्हणाली, आमच्या वेळी छत्री असायची.

कट्ट्याची आणखी एक गंमत म्हणजे इथे माणसं शेजारी-शेजारी बसतात. कॉफी शॉपमध्ये समोरासमोर बसून जे बोलायला जीभ रेटत नाही, ते इथे समोरच्या फिल्डिंगकडे बघत सहज बोललं जातं. २०१० मध्ये हायकोर्टाने हा भाग सायलेन्स झोन ठरवला. अपील करणाऱ्या बॉलरला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही, पण एरवी शेजारचं कुजबुजणं नको तितकं ऐकू येतं.

आणि तिथेच प्रॉब्लेम सुरू होतो. मागच्या महिन्यात डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी शेजारी एक जोडी होती. त्याला बेंगळुरूची ऑफर आलेली, तिच्या डोक्यावर घराचं लोन. तो पॅकेज समजावत होता. ती बराच वेळ गप्प होती आणि मग तिने त्या शहराच्या हवेबद्दल एक साधा प्रश्न विचारला. ‘जाऊ नकोस’ हे इतकं स्पष्ट मी कधीच ऐकलेलं नाही. आयता सीन होता, जसाच्या तसा पास झाला असता. मी नाही पाठवला. प्रश्न काय होता, ते इथेही लिहिणार नाही. तो त्यांचा आहे. मी उचलली ती फक्त युक्ती, की मोठी गोष्ट छोट्या प्रश्नात लपवायची. त्यावर रात्री दोनपर्यंत बसून वेगळाच सीन लिहिला. तो थोडा कमीच जमला, पण पास झाला.

जायचं असेल तर दादर वेस्टला उतरून रानडे रोडने पंधरा मिनिटं चाला. गोखले रोडवर ‘प्रकाश’चा साबुदाणा वडा वाटेत उरका, बंद व्हायच्या आत. आणि वही काढू नका. वही दिसली की लोक सर्व्हेवाली समजतात आणि गप्प होतात.