चार तारे आणि एक फुलपात्र

"उद्या दुपारपर्यंत पसंतीच्या क्रमानं तीन नावं द्या," असं म्हणून हॉस्पिटलमधल्या बाईंनी माझ्या हातात एक यादी ठेवली आणि त्या पुढच्या खोलीकडे वळल्या. गेल्या वर्षीची गोष्ट. आई आमच्या फ्रीमाँटच्या घरी बाथरूममध्ये घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं. आता काही आठवडे नर्सिंग होममध्ये राहून तिला पुन्हा चालायला शिकायचं होतं. पुण्याहून मावशीचा फोन आला, "अरे, आईला होममध्ये ठेवतोयस?" हा वृद्धाश्रम नव्हे, हे तिला समजावता समजावता मीच मनातून खजील होत होतो.

खजील झालेला इंजिनिअर काय करतो? तक्ता करतो! मेडिकेअर १९९८ पासून अशा होम्सची तुलना लोकांपुढे ठेवते आणि २००८ पासून त्यांना एक ते पाच तारे देते. सरकारी तपासणी, कर्मचाऱ्यांची संख्या आणि रुग्णांच्या प्रकृतीची काही मोजमापं, अशा तीन गोष्टींवरून हे तारे ठरतात. रात्री एक वाजेपर्यंत जागून मी रकाने भरले. चार ताऱ्यांचं एक होम घरापासून दहा मिनिटांवर होतं.

सकाळी आम्ही दोघं ते बघायला गेलो. दारात फुलं, कोपऱ्यात पियानो, हसतमुख बाई आणि चकचकीत व्यायामशाळा. थेट कांदेपोह्यांचा कार्यक्रम! सकाळी अकराला, आधी कळवून गेल्यावर मुलगीही छानच दिसते आणि घरही. आम्ही होकार दिला आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चांगलं होम शोधलं, माझं काम झालं, असं मला वाटलं. चूक झाली ती इथंच.

पहिला आठवडा बरा गेला. व्यायाम करून घेणारी मुलं मनापासून मेहनत घेत होती. आम्ही रोज ऑफिसनंतर डबा घेऊन जायचो. आई नेहमी एकच म्हणायची, "छान आहे रे सगळं. तुम्ही उगीच धावपळ करू नका."

एका रविवारी जरा उशीर झाला, रात्रीचे साडेआठ वाजले. बोळात शिरलो तर चार दारांवरचे दिवे लागलेले. पेशंटनं बटण दाबलं की तो दिवा लागतो. सवयीनं घड्याळ पाहिलं. आईच्या शेजारच्या खोलीतला दिवा विझायला बावीस मिनिटं लागली. आईच्या दारावर दिवा नव्हता, म्हणून मला हायसं वाटलं. पण बायकोचं लक्ष टेबलाकडे गेलं. घरून आणलेलं आईचं स्टीलचं फुलपात्र काठोकाठ भरलेलं होतं. दुपारी भरलं होतं तसंच.

"आई, तुम्ही पाणी प्यायला नाहीत?"

खूप खोदून विचारल्यावर तिनं सांगितलं. पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागतं. जायचं तर बटण दाबावं लागतं. "ती एकटी पोर किती जणांना बघणार? तिला कशाला पळवायचं?" म्हणून संध्याकाळी चारनंतर तिनं पाणीच सोडलं होतं. ओठ सुकलेले, बोलण्यात थोडी असंबद्धता. दुसऱ्या दिवशी तपासणीत लघवीचं इन्फेक्शन निघालं. जिनं बटणच दाबलं नाही, तिच्यापर्यंत कोणी किती वेळात पोचलं हे कोण मोजणार? आणि "कसं आहे?" असं विचारल्यावर "छान" सांगणारी आपली माणसं तक्रारीच्या कुठल्या रकान्यात बसणार?

तेव्हा मी ते तारे पुन्हा नीट वाचले. तपासणीचे तारे राज्यातल्या राज्यात वाटतात. वरच्या दहा टक्के होम्सना पाच, तळाच्या वीस टक्क्यांना एक. म्हणजे हा वर्गातला नंबर झाला, पेपर कसा लिहिला ते त्यात कळत नाही. कर्मचाऱ्यांचे आकडे २०१८ पर्यंत होम स्वतःच सांगत असे. आता ते पगाराच्या नोंदींवरून घेतात आणि २०२२ पासून शनिवार-रविवारही वेगळा धरतात. कॅलिफोर्नियाचा २०१८ पासूनचा नियम आहे रुग्णामागे दिवसाला किमान साडेतीन तासांच्या सेवेचा. पण ती सरासरी झाली. रविवारी रात्री नऊला त्यातली किती मिनिटं आईच्या वाट्याला येतात, ते आपणच जाऊन पाहायचं.

मी नर्सिंगच्या प्रमुख बाईंना भेटलो. भांडायच्या तयारीनं गेलो होतो, पण त्यांनी वही काढून ऐकून घेतलं. रुग्णाची देखभाल ठरवण्याच्या बैठकीत बसायचा घरच्यांना हक्क असतो, हे मला तेव्हा कळलं. ठरलं असं, की दर दोन तासांनी मदतनीसच विचारायला येईल, आईनं बटण दाबायची वाट बघायची नाही. रात्रपाळीची फिलिपिनो बाई आईला 'लोला' म्हणे, म्हणजे तिच्या भाषेत आजी. तिला कळल्यावर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. माणसं वाईट नव्हती, कमी होती.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये. आलीच तर तारे जरूर पाहा, निदान एक-दोन तारेवाली बाजूला काढता येतात. मग न कळवता, रविवारी संध्याकाळी जा. त्या दिवशी कुठल्या पाळीला किती नर्स आणि मदतनीस आहेत, ते दर्शनी भागात लावावं लागतं, ते वाचा. सरकारी तपासणीचा अहवालही कोणाला न विचारता वाचता येईल असा ठेवावा लागतो. लोकपालाचा, म्हणजे 'ऑम्बुड्समन'चा फोन नंबर भिंतीवर असतो, तो टिपून घ्या. बोळातले दिवे मोजा. आणि मूळ मेडिकेअर असेल तर पैशांचंही आधी बघा. हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस रीतसर भरती असावी लागते, नुसत्या 'ऑब्झर्वेशन'चे दिवस धरत नाहीत. पहिले वीस दिवस पूर्ण मिळतात, एकविसाव्यापासून शंभराव्या दिवसापर्यंत रोजचा ठराविक वाटा आपला असतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निवड झाली की काम संपलं, असं समजू नका. ते तिथून सुरू होतं.

एकतिसाव्या दिवशी आई वॉकर घेऊन, स्वतःच्या पायांनी घरी आली. मावशीला फोनवर सांगत होती, "छान होतं गं सगळं. माणसं फार चांगली." मी काही बोललो नाही. उठलो आणि तिच्या उशाशी ठेवलेलं फुलपात्र पाहिलं. रिकामं होतं. भरून ठेवलं.