चौथे शील आणि हातातला फोन

विहारात आपण एका सुरात पंचशील ग्रहण करतो. चौथे शील खोटे न बोलण्याचे. ते घेताना प्रत्येकाच्या मनात स्वतःचेच तोंड असते. मी खोटे बोललो का, मी कोणाला फसवले का, एवढाच विचार आपण करतो. परंतु दुसऱ्याने रचलेले खोटे माझ्या हाती आले आणि मी ते न तपासता पुढच्या दहा जणांच्या हाती दिले, तर चौथे शील मोडले की नाही? माझ्या समाजाविषयीचे खोटे माझ्या समोर बोलले गेले आणि मी मान खाली घालून उठून गेले, तर?

तथागतांनी सम्यक वाणी समजावताना चार गोष्टी टाळायला सांगितल्या. असत्य, माणसामाणसांत फूट पाडणारी चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड. आज हातातला फोन उघडून पाहा. हे चारही प्रकार एकाच ताटात वाढलेले सापडतील. आमच्या वस्तीच्या विहारात काही महिला आणि कॉलेजात जाणारी मुले मिळून आम्ही गेली काही वर्षे अशा मजकुरांची पडताळणी करतो. त्या कामातून जे हाती लागले, ते या पानाच्या वाचकांपुढे ठेवते.

अफवा ही काही फोनने जन्माला घातलेली नाही. आपल्या चळवळीच्या पहिल्याच मोठ्या लढ्यात तिने आपल्या माणसांची डोकी फोडली होती. रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला आणि त्यानुसार महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे जाहीर केले. तो हक्क बजावण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हजारो अनुयायांसह तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर थोड्याच वेळात गावात हाकाटी उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. देवळात जाण्याचा विचारही कोणी केला नव्हता. पण काठ्या निघाल्या, आणि जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांना झोडपले गेले.

आपली माणसे संख्येने थोडीथोडकी नव्हती. बाबासाहेबांचा एक शब्द पुरला असता. पण त्यांनी लोकांना आवरले आणि कायद्याचा रस्ता धरला. हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाली. पुढे सनातनी मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ रोजी दिवाणी दावा लावला. तळे खाजगी आहे, अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची पूर्वापार चाल आहे, असे त्यांचे म्हणणे. बाबासाहेब हा दावा जवळजवळ दहा वर्षे लढले. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादिकालापासूनची चाल होती हे वादींना सिद्ध करता आलेले नाही. विचार करा, ज्या प्रथेचा एवढा दरारा होता, तिचा पुरावा मागितल्यावर तो देता आला नाही! अफवा पसरायला एक दुपार पुरली, आणि खोटे खोडायला दहा वर्षे लागली. पण खोडले ते कायमचे.

महाडला जे झाले तेच ९१ वर्षांनी धुळे जिल्ह्यात झाले. १ जुलै २०१८ हा दिवस साक्री तालुक्यातील राईनपाड्याच्या बाजाराचा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असा मजकूर त्या काळात गावोगावच्या फोनवर फिरत होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाच्या हाती सापडले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना ठार मारण्यात आले. कोणाचेही मूल त्यांनी पळवलेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या भटकणारी ही माणसे. त्यांच्या अंगावर फाटके कपडे होते आणि बोली वेगळी होती, एवढाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा. त्या महिन्यात देशभर बोभाटा झाल्यावर व्हॉट्सॲप कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच ठिकाणी गेलेले खोटे तिथून पुन्हा पाच-पाच ठिकाणी जातेच. बोट आवरायचे ते आपणच.

काही खोटे काठी घेऊन येत नाही. ते मुलांच्या मनात शिरून बसते आणि आतून पोखरते. आमच्याकडे सर्वांत जास्त वेळा आलेला मजकूर असा की, आरक्षण फक्त दहा वर्षांसाठी होते, खुद्द बाबासाहेबांनीच तसे सांगितले होते, पुढे मतांसाठी ते वाढवत नेले.

माझी पुतणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. वर्गातल्या एका मुलाने चारचौघांत तिला हा मजकूर फोनवर दाखवला आणि म्हणाला, "तुमची मुदत १९६० सालीच संपली. आता जे खाता ते फुकटचे." पोर घरी आली ती जेवलीच नाही. रात्री माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आत्या, खरंच आपली मुदत संपली आहे का गं?" तिच्या बापाने आयुष्यभर दिवसपाळी-रात्रपाळी करून तिला शिकवले. ती स्वतः पहिल्या वर्गात पास होत आलेली. आणि एका खोट्या वाक्याने तिला आपण चोर आहोत असे वाटू लागले होते! मी तिला धीराच्या गोष्टी सांगत बसले नाही. संविधानाचे पुस्तक काढले आणि म्हटले, "वाच. मोठ्याने वाच."

आम्ही दोघींनी जे वाचले ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. दहा वर्षांची मुदत होती ती कलम ३३४ मध्ये. हे कलम लोकसभा आणि विधानसभा यांतील राखीव जागांपुरते आहे. ती मुदत संसदेने दर दहा वर्षांनी घटनादुरुस्ती करून वाढवली. २०१९ च्या १०४ व्या घटनादुरुस्तीने ती जानेवारी २०३० पर्यंत नेली. नोकरीतील आरक्षणाचा आधार कलम १६(४). त्यात मुदतीचा शब्दही नाही. शिक्षणातील प्रवेशाचा आधार कलम १५(४). ते १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. त्यातही मुदत नाही.

आता बाबासाहेबांच्या नावावर खपवलेल्या वाक्याचे पाहू. २५ ऑगस्ट १९४९ रोजी घटना समितीत राखीव जागांच्या मुदतीवर चर्चा झाली. त्या दिवशीच्या कामकाजात बाबासाहेबांचे भाषण छापलेले आहे. आपण स्वतः अधिक मुदतीचा आग्रह धरायला तयार होतो, अनुसूचित जातींना या सभागृहाने जास्त काळ दिला असता तर ते योग्य आणि उदारपणाचे झाले असते, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे त्यांनी जे सांगितले, त्याच्या नेमके उलट त्यांच्या तोंडी घातले जाते. शिवाय आरक्षणाची सुरुवात १९५० साली झाली हेही खरे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतील पन्नास टक्के जागा राखल्या. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४३ मध्ये बाबासाहेबांनी केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखून घेतल्या.

पुतणीने ही कलमे वहीत उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलापुढे ठेवली. तो काही तिची क्षमा मागायला आला नाही. माझ्या काकांनी पाठवले होते, एवढेच तो म्हणाला. पण ऐकत बसलेल्या दोन मुलींनी तिच्याकडून कलमांचे आकडे लिहून घेतले. मला यात मोठे यश वाटते. खोटे पसरवणारा बदलेलच असे नाही. पण त्याच्या आजूबाजूला जे गप्प ऐकत असतात, त्यांच्यासाठी उत्तर द्यायचे असते. आणि सर्वांत आधी स्वतःची मान ताठ राहावी म्हणून द्यायचे असते.

आता थोडे कडू लिहिते. आपल्याच बांधवांनी रागावू नये. आमच्या वहीत जमा झालेल्या खोट्या मजकुरांत आपल्या लोकांनी प्रेमापोटी पाठवलेले मजकूरही कमी नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाने १४ एप्रिल हा जागतिक ज्ञान दिन जाहीर केला, असा मजकूर दर जयंतीला येतो. राष्ट्रसंघाने असे जाहीर केलेले नाही. खरी गोष्ट अशी की, १२५ व्या जयंतीनिमित्त एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या राष्ट्रसंघ मुख्यालयात भारताच्या पुढाकाराने बाबासाहेबांना अभिवादनाचा कार्यक्रम झाला. दुसरा मजकूर, कोलंबिया विद्यापीठाने जगातल्या शंभर विद्वानांत त्यांना पहिला क्रमांक दिला. खरी गोष्ट, विद्यापीठाने २००४ मध्ये आपल्या २५० व्या वर्षानिमित्त तेथल्या कर्तबगार माणसांची यादी केली, तिच्यात बाबासाहेबांचे नाव आहे. तीत पहिला-दुसरा क्रमांक नाही. आणि त्याच विद्यापीठाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली, हे तर सोन्यासारखे खरे आहे.

मग खऱ्याला खोट्याची झिलई कशाला? सूर्याला पणती दाखवण्याची गरज नसते. उलट आपले एक वाक्य खोटे निघाले की समोरचा म्हणतो, यांचे बाकीचेही असेच असणार. तीच गत बाबासाहेबांच्या फोटोखाली छापलेल्या, पण त्यांनी कधी न लिहिलेल्या ओळींची. कधी त्या ओळी गोड असतात, तर कधी दुसऱ्या एखाद्या समाजाबद्दल विष कालवणाऱ्या. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडांतून छापली, वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ते खंड अनेक ग्रंथालयांत आहेत. ओळ कोणत्या खंडात, कोणत्या पानावर आहे हे विचारावे. उत्तर आले नाही तर ओळ पुढे पाठवू नये. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, गुरू सांगतो म्हणूनही मानू नका. आपल्या बाजूचे आहे म्हणून माना, अशी सवलत त्यांनी ठेवलेली नाही.

आमची पद्धत अगदी साधी आहे. एक दोनशे पानी वही आणि तिच्यात चार रकाने. मजकूर काय आहे, कोणाकडून आला, मूळ कागद काय म्हणतो, काय ठरले. रविवारी वंदना झाली की मुले फोनवरचे मजकूर वाचून दाखवतात. ज्या आजींना अक्षर येत नाही, त्याच सर्वांत चांगले प्रश्न विचारतात, "कोणी पाहिलं? कुठं झालं? कोणत्या दिवशी?" ज्याचे मूळ सापडते ते फळ्यावर लिहितो. ज्याचे सापडत नाही ते तिथेच थांबवतो. खोट्याला उत्तर देताना तो मजकूर पुन्हा जसाच्या तसा पाठवत नाही, नाहीतर आपल्याच हाताने तो आणखी चार घरांत जातो. आधी खरी गोष्ट लिहायची, मग ती कोठे पाहायला मिळेल ते. शिवी द्यायची नाही, कारण शिवी दिली की शिवीचीच चर्चा होते आणि कलम बाजूला राहते.

काही मजकूर मात्र उत्तर देऊन सोडण्यासारखे नसतात. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवणारे लिहिणे-बोलणे, किंवा या समाजांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तींचा अवमान करणे, हे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने स्पष्टपणे गुन्हे ठरवले आहेत. असा मजकूर आल्यास रागाने पुसून टाकू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा, जाणत्या कार्यकर्त्याला किंवा वकिलाला दाखवा आणि लेखी तक्रार द्या. विटंबनेची बातमी ऐकताच पोरांना रस्त्यावर धाडण्यापूर्वी एकाने जागेवर जाऊन खात्री करून यावी. पोलीस केस आपल्या पोरांवर होते आणि अफवा सोडणारा घरात बसून राहतो.

माता-भगिनींना विशेष सांगणे आहे. घरात फोन मुलांच्या हाती असतो आणि प्रश्न आपल्या पोटात असतो. लाजू नका. मुलाने काही वाचून दाखवले की, "हे कोणी लिहिलं, बाळा?" एवढे विचारायची सवय ठेवा. तथागतांनी आपल्या राहुलला थट्टेतही खोटे बोलू नये अशी शिकवण दिली. आणि काही करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर त्याचा विचार करावा, असेही शिकवले. मजकूर पुढे पाठवण्यापूर्वीचा एक क्षण म्हणजे त्यातला पहिला विचार. येत्या पौर्णिमेला चौथे शील घ्याल तेव्हा तोंडाबरोबर बोटांनाही ते घ्यायला लावा. आणि घरात संविधानाची प्रत नसेल तर या महिन्यात जरूर आणा. कपाटात ठेवण्यासाठी नव्हे, रात्री घाबरून आलेल्या पोरीला वाचायला देण्यासाठी.

जयभीम.