हिरव्या वाघाचं गुपित

न्यूजर्सीत कुणी नातेवाईक असला, की मराठी माणसाची अमेरिका ट्रिप नायगाराला जाऊन येतेच. त्या वाटेवर थोडी वाकडी वाट केली, तर रॉचेस्टर लागतं. कोडॅकचं गाव, हिवाळ्यात ढीगभर बर्फ, एवढीच त्याची आपल्याकडे ओळख. पण इथे गाडी थांबवाच! शहराच्या मध्यावर ‘द स्ट्राँग’ नावाचं खेळाचं म्युझियम आहे. खेळ म्हणजे क्रिकेट-बिकेट नव्हे. बाहुल्या, पत्ते, व्हिडिओ गेम्स, सगळा पसारा. आत चक्क 1918 सालचं मेरी-गो-राउंड फिरतंय आणि एका काचघरात फुलपाखरं उडतायत.

माझं पोट खेळण्यांच्या डिझाइनवर चालतं. सध्या माझ्या टेबलावर एका फँटसी कार्टून मालिकेची खेळणी आणि त्यासोबतचा बोर्ड गेम आहे. चोवीस कॅरेक्टर्सची यादी आणि डोक्यावर डेडलाइन! त्यामुळे मी फुलपाखरांना टाटा करून थेट ‘नॅशनल टॉय हॉल ऑफ फेम’ गाठला.

इथली निवड एकदम हटके आहे. 2005 मध्ये पुठ्ठ्याचं खोकं निवडलं गेलं, 2008 मध्ये काठी, 2021 मध्ये वाळू. म्हणजे फुकटातली खेळणी! आणि 2022 च्या मानकऱ्यांत दोघं शेजारी: एक आपला भोवरा आणि दुसरा ‘मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स’, म्हणजे आपला ही-मॅन. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसमोर मांडी घालून बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आपल्याला वाटायचं, सीरियल हिट झाली म्हणून खेळणी आली. प्रत्यक्षात उलटं! 1976 मध्ये ‘स्टार वॉर्स’ची खेळणी करायची संधी मॅटेल कंपनीने सोडली, ती केनरने घेतली आणि नंतर मॅटेलने हात चोळले. मग त्यांनी स्वतःचाच हीरो घडवला. 1982 मध्ये साडेपाच इंची बाहुले दुकानात आले. कंबर वळवून सोडली, की आतली स्प्रिंग ठोसा मारणार. फिल्मेशन स्टुडिओची कार्टून मालिका आली ती 1983 च्या सप्टेंबरात.

आता खरी गंमत. साचा बनवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात महागडा प्रकार, म्हणून जुना साचा कुणी फेकत नाही. मॅटेलकडे ‘बिग जिम’ या जुन्या, मोठ्या बाहुल्यासाठी केलेल्या वाघाचा साचा पडून होता. ही-मॅनच्या शेजारी तो वाघ अवाढव्य दिसायचा. मग? त्याला हिरवा रंग दिला, पाठीवर खोगीर चढवलं आणि झाला बॅटल कॅट! तोच साचा जांभळा करून, वर मखमली लव चिकटवून स्केलेटरचा पँथर झाला. बीस्ट मॅनच्या अंगावर हिरवी लव आणि पाइनचा वास, की मॉस मॅन तयार. आमच्या मीटिंगमध्ये असं काही सुचवलं तर लोक हसतील. पण लहानपणी आम्हाला यात काही खटकलं का? छे!

टीव्हीवाल्यांची काटकसरही तितकीच सॉलिड. ही-मॅन तलवार उंचावतो तो सीन पुन्हा पुन्हा तोच. ऑर्को हे कॅरेक्टर फिल्मेशनचं, त्याचं नाव आधी ‘गॉर्पो’ होतं. छातीवर इंग्रजी ‘ओ’ असला की चित्र आरशासारखं उलटवलं तरी चालतं, म्हणून तो ऑर्को! त्याचं खेळणं 1984 मध्ये आलं, दातेरी पट्टी ओढून सोडली की गरगर फिरणारं. आपल्या जाळी-भोवऱ्याचा चुलतभाऊच म्हणा.

हे सगळं मला मजेशीर वाटलं. खटकलं ते तलवारीचं. मूळ खेळण्यांत ही-मॅनकडे अर्धी तलवार आणि स्केलेटरकडे उरलेली अर्धी. खोक्यासोबतच्या छोट्या कॉमिकनुसार दोन्ही जुळल्याशिवाय ग्रेस्कल किल्ल्यात शिरता येत नाही. म्हणजे मित्राकडे स्केलेटर असेल तर त्याच्याशी भांडा, तह करा, चोरी करा, पण त्याच्याशी खेळावंच लागणार. (दोन्ही बाहुले खपावेत ही चलाखी त्यात होतीच, नाही असं नाही.) मालिकेने मात्र एकच अख्खी तलवार प्रिन्स अ‍ॅडमच्या हातात दिली आणि एका वाक्याचा मंत्र दिला. पडद्यावर ते झकास दिसतं. पण मग गच्चीवर आम्ही काय खेळलो? तोच मंत्र म्हणायचो, तोच सीन करायचो. स्केलेटर व्हायला कुणीच तयार नसायचं, कारण तो हरणार हे आधीच ठरलेलं! मालिकेने ही-मॅनला घराघरात नेलं हे खरं, पण खेळण्यातला खेळ तिनेच काढून घेतला, असं माझं मत झालंय.

जाणार असाल तर अख्खा दिवस ठेवा. मी तिथल्या बाकावर बसूनच यादीवर काट मारायला सुरुवात केली. चोवीसमधली नऊ कॅरेक्टर्स आता एकाच साच्यातून निघतील. त्यामुळे अकाउंट्सवाले खूश. आणि नायिकेकडे अर्धी किल्ली, खलनायिकेकडे अर्धी.

मार्केटिंगकडून उलट प्रश्न आलाय, ‘पण मालिकेत तर किल्लीच नाहीये?’ बुधवारी मीटिंग आहे.