परसातील बिऱ्हाडकरू

कोंबडीविषयी आपल्या भाषेने फारसा आदर दाखविलेला नाही. हंसाला तिने विवेक दिला, मोराला सरस्वतीचे सान्निध्य दिले. कोंबडीच्या वाट्याला मात्र, सोन्याचे अंडे देऊनही पोट चिरून घेण्याची तेवढी गोष्ट आली. असे असूनही २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्यादी पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर भरली आणि त्यांपैकी ३१ कोटींहून अधिक परसातल्या होत्या. त्या वर्षी आमचे परस रिकामे होते. पुढची गणना झालीच, तर आमच्याही आठ-दहा तीत सापडतील.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून. बदली होऊन हैदराबादेस आलो तेव्हा घर मिळाले ते भाड्याचे, परंतु मागे वीस पावलांचे परस आणि त्यात एक सीताफळीचे झाड. आमच्या मातोश्री नांदेडकडच्या. १९५६ पर्यंत नांदेडचा कारभार याच शहरातून चाले. पण इतिहासातील ही गोष्ट भाजीवाल्याशी बोलताना त्यांच्या काही उपयोगी पडेना. तीन महिने त्या घराबाहेर कोणाशी बोलल्या नाहीत. मग भिंतीपलीकडच्या अम्मांनी त्यांना एक गावठी कोंबडी दिली. ‘कोडि’ आणि ‘गुड्डू’, म्हणजे कोंबडी आणि अंडे, हे मातोश्रींचे पहिले दोन तेलुगू शब्द. बाकीची भाषा त्यांच्या मागोमाग पिलांसारखी आली.

याच शहरातल्या राजेंद्रनगर येथील कुक्कुट संशोधन संस्थेत परसासाठी ‘वनराजा’ ही जात तयार झाली. तिची चार पिल्लेही आम्ही आणली. ती अंगाने भरली, अंडीही भरपूर देऊ लागली; परंतु अंड्यांवर बसायचे काम त्यांना मुळीच ठाऊक नव्हते. ते गावठीनेच करावे. ती वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देणार, पण एकदा खुडूक झाली की एकवीस दिवस जागची हलणार नाही. मातोश्रींनी अकरा अंडी तिच्याखाली ठेवली आणि प्रत्येकावर कोळशाची रेघ ओढली. दुसरीने मागाहून येऊन अंडे घातले, तर ते ओळखून काढून घेता यावे म्हणून. सातव्या रात्री त्यांनी मोबाइलच्या उजेडावर एकेक अंडे धरून आतल्या तांबड्या शिरा आमच्या आठ वर्षांच्या मुलाला दाखविल्या.

आठ पिल्ले निघाली. एक घारीने नेले. उरलेल्या सातांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात लशीचा एकेक थेंब घातला, कारण मानमोडी एकदा शिरली की खुराडेच्या खुराडे रिकामे करते. कुमाऊंतील राणीखेत या रम्य गावाचे नाव या रोगाला कायमचे चिकटले आहे.

कोंबड्यांतही ज्येष्ठता यादी असते. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट्याने बाजूला व्हायचे, हे त्यांच्यात ठरलेले असते. श्येल्डेरप-एबे या नॉर्वेजियन संशोधकाने लहानपणापासून कोंबड्या न्याहाळून १९२१ मध्ये हा क्रम जगापुढे मांडला. आमच्या कार्यालयातील कोणाही कारकुनाने तो विनासायास मांडला असता.

पाचव्या महिन्यात सातांपैकी चार कोंबडे आहेत हे त्यांनी स्वतःच पहाटे जाहीर केले. चौघे आपापसांत रक्त निघेपर्यंत भांडू लागले. एवढ्या परसात कोंबडा एकच नांदतो. आम्ही सवयीप्रमाणे पर्याय मांडले आणि बाजारात विकावेत, अशी शिफारस केली. मातोश्री म्हणाल्या, “बाजारात नेलेस म्हणून ते काय काशीला जाणारेत का? तुझ्या डोळ्यांआड मरतील, एवढंच.”

दोन कोंबडे अम्मांनी नेले आणि बदल्यात दोन तलंगा दिल्या. एक ठेवायचा, एक कापायचा. ठेवायचा तो मातोश्रींनी निवडला. पायाने भारी, स्वभावाने शांत. मुलाच्या हातावरचे दाणे खाणारा तो हा नव्हे. तो सर्वांत भांडखोर होता.

मुलाने आदल्या संध्याकाळी विचारले, “कोणी ठरवलं?”

वाचकहो, आम्ही बारा वर्षे सरकारी टिपणे लिहीत आलो आहोत. त्यांत निर्णय कोणी घेत नाही. तो ‘घेण्यात येतो’. माणसांच्या बदल्या, वेतनवाढी, पेन्शनी, सारे काही त्या कर्मणी प्रयोगात सुखरूप पार पडते. त्या संध्याकाळी तेच वाक्य आमच्या ओठांवर आले होते. पण मुलगा आमच्या तोंडाकडे पाहत होता आणि कोंबडा त्याच्या पायांशी दाणे टिपत होता. आम्ही म्हणालो, “आम्ही ठरवलं. आजीनं आणि मी.”

तो दुसऱ्या दिवशी जेवला नाही. त्याला कोणी आग्रहही केला नाही. आम्ही जेवलो. वर्षानुवर्षे दुकानातून पिशवीत बांधून आणलेली कोंबडी खाताना जी शांतता आमच्या पंक्तीला कधी नव्हती, ती त्या दिवशी होती. ताटात कोणी काही टाकले नाही.

आठवडाभर मुलगा परसात फिरकला नाही. मग एका सकाळी गावठी कोंबडी पुन्हा खुडूक झाली, तेव्हा कोळसा त्यानेच मागून घेतला. अकरा अंड्यांवर त्याने अकरा रेघा ओढल्या आणि आजीला म्हणाला, “यांतले कोंबडे कोणते, ते कळल्यावर मला आधी सांग. या वेळी ठरवताना मी पण असणार.”

मातोश्रींनी मान डोलावली आणि खुराड्याचे दार लावून घेतले.